‘इन्’ने आरंभ होणारे इंग्रजी शब्द : अर्थ, उगम आणि सावधगिरी

कोल्हापूर-बेळगावकडून बंगळूरकडे जाणारा महामार्ग धारवाड ओलांडून हुबळीच्या दिशेने वळतो, त्या परिसरात तारिहाळ हे गाव आहे. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा सारा धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. आज तो कर्नाटकात आहे. गावाला लागून कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची वसाहत उभी राहिली आहे. शेती, कारखाना आणि महामार्ग या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींना खेटून नांदतात. घरी कन्नड, पाहुण्यांशी मराठी, बाजारात हिंदी अशी या भागातील अनेक कुटुंबांची रीत आहे. पण पिंपावरील चिठ्ठी, टँकरच्या पाठीवरील अक्षरे, औषधाच्या बाटलीवरील सूचना आणि कचेरीतून आलेला कागद यांवरील ठळक शब्द पुष्कळदा इंग्रजीच असतात. जी स्थिती तारिहाळची तीच इचलकरंजीची, चाकणची आणि बुटीबोरीची.

असे शब्द वाचताना पुष्कळांना दोन अक्षरे पुनःपुन्हा भेटतात : ‘आय’ आणि ‘एन’. इनकम, इनवर्ड, इनव्हॅलिड, इन्स्पेक्शन, इन्शुरन्स, इंजेक्शन, इनफ्लेमेबल. आरंभीची अक्षरे तीच असली, तरी त्यांचे काम सर्वत्र सारखे नाही. कोठे ती ‘नाही’ असे सांगतात, कोठे ‘आत’ असे सांगतात, तर कोठे काहीच सांगत नाहीत. हा भेद न कळल्यास परीक्षेत एखादा गुण जातो. कचेरीत अर्ज अडतो. आणि कारखान्यात किंवा शेतात प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून या दोन अक्षरांची ओळख येथे क्रमाने करून दिली आहे.

दोन उपसर्ग, एक रूप

इंग्रजीने लॅटिन भाषेकडून हजारो शब्द घेतले. लॅटिनमध्ये ‘इन्’ या एकाच उच्चाराचे दोन स्वतंत्र उपसर्ग होते. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ या अर्थाचा. इंग्रजीत येताना दोहोंचे रूप एकच राहिले.

नकारार्थी ‘इन्’ मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ उगमातून आल्या असाव्यात, असे मत मांडले. पुढील भाषाशास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले. लॅटिनचा नकारार्थी ‘इन्’, इंग्रजीचा स्वतःचा ‘अन्’ आणि संस्कृतचा ‘अ’ किंवा ‘अन्’ ही एकाच मुळाची रूपे होत. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो : अपूर्ण, अवैध; पण अनर्थ, अनेक, अनावश्यक. ग्रीकमध्येही हाच प्रकार आहे. रक्त कमी असण्याच्या विकाराला ‘ॲनिमिया’ म्हणतात, त्यातील आरंभीचा ‘अन्’ हा आपल्या ‘अन्’चाच भाऊ आहे. ‘इंटर’ हा उपसर्गही असाच नात्यातला. संस्कृतातील ‘अन्तर्’ आणि लॅटिनमधील ‘इंटर’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. म्हणून ‘इंटरनॅशनल’ला ‘आंतरराष्ट्रीय’ हा प्रतिशब्द कानालाही जुळता वाटतो.

पहिला गट : ‘नाही’ सांगणारा ‘इन्’

या गटातील शब्दांची खूण सोपी आहे. आरंभीचा ‘इन्’ काढून टाकला की मागे एक पूर्ण इंग्रजी शब्द उरतो आणि त्याचा अर्थ उलट असतो. व्हॅलिड म्हणजे वैध, इनव्हॅलिड म्हणजे अवैध. ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, बँक आणि शाळा यांत नित्य भेटणारे शब्द पुढीलप्रमाणे आहेत.

इनकरेक्ट – चुकीचे.
इनकम्प्लीट – अपूर्ण. अर्जावर हा शेरा असेल, तर तो फेटाळला असे समजू नये. राहिलेली माहिती किंवा कागद जोडावयाचा आहे, असा त्याचा अर्थ.
इनव्हॅलिड – अवैध, ग्राह्य नसलेले.
इनएलिजिबल – अपात्र. ‘इनकम्प्लीट’ आणि ‘इनएलिजिबल’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात त्रुटी कागदात असते, दुसऱ्यात अर्जदार निकषातच बसत नाही.
इनॲडमिसिबल – अग्राह्य. पुरावा किंवा मागणी स्वीकारता न येण्याजोगी.
इनडायरेक्ट – अप्रत्यक्ष.
इनसफिशंट – अपुरे. धनादेश परत येतो तेव्हा ‘इनसफिशंट फंड्स’ असा शेरा असतो. खात्यात पुरेशी रक्कम नाही, असा त्याचा अर्थ.
इनॉपरेटिव्ह – व्यवहार बंद असलेले. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः कोणताही व्यवहार केला नाही, तर ते खाते या सदरात जाते. पैसे बुडत नाहीत. ओळखीची कागदपत्रे देऊन खाते पुन्हा सुरू करता येते. वृद्ध आईवडिलांच्या जुन्या पासबुकावर हा शब्द दिसल्यास स्वस्थ बसू नये.
इन्सॉल्व्हंट – नादार; कर्ज फेडण्यास असमर्थ.
इंटेस्टेट – मृत्युपत्र न करता वारलेला. येथे ‘इन्’ काढल्यावर उरणारा ‘टेस्टेट’ हा शब्द रोजच्या वापरात नाही. पण ‘टेस्टामेंट’ म्हणजे मृत्युपत्र हा शब्द ध्यानात घेतला की उलगडा होतो.

दुसरा गट : ‘आत’ सांगणारा ‘इन्’

या गटातील शब्दांत नकार शोधू नये. ‘इन्’ काढून पाहिल्यास पुष्कळदा मागे अर्थपूर्ण शब्दच उरत नाही. उरला तरी त्याचा अर्थ उलट नसतो.

इनकम – आत येणारे ते, उत्पन्न. ‘इनकम सर्टिफिकेट’ म्हणजे उत्पन्नाचा दाखला.
इनवर्ड – आवक. कार्यालयातील आवक-जावक नोंदवह्यांपैकी पहिली. आपला अर्ज दिल्यावर आवक क्रमांक मागून घेणे हा नागरिकाचा हक्क आहे.
इन्स्पेक्शन – तपासणी. मूळ लॅटिन अर्थ ‘आत पाहणे’.
इन्व्हेस्टमेंट – गुंतवणूक.
इन्शुरन्स – विमा. यात ‘शुअर’ म्हणजे निश्चित हा शब्द आहे. निश्चिंती करणे हा भाव. ‘शुअर’ नाही असा अर्थ कोणी घेऊ नये.
इंजेक्शन – आत सोडणे; सुईने औषध टोचणे.
इनपुट – आत घातलेले. शेतीच्या संदर्भात बियाणे, खते आणि कीटकनाशके यांना मिळून हा शब्द वापरतात. शासकीय मराठीत त्यासाठी ‘कृषी निविष्टा’ हा शब्द रूढ आहे.
इन्फ्लो – धरणात येणारे पाणी, आवक.
इन्स्क्रिप्शन – आत कोरून लिहिलेले, शिलालेख.
इन्सेक्ट – कीटक. ‘सेक्ट’ म्हणजे कापलेला. डोके, छाती आणि पोट असे खाचा पडल्यासारखे शरीर असते, म्हणून हे नाव. कार्यालयातील ‘सेक्शन’ म्हणजे विभाग किंवा कलम हा शब्द याच धातूपासून आला आहे.
इनहेल – श्वासावाटे आत घेणे.
इन्जेस्ट – तोंडावाटे पोटात घेणे.

शेवटचे दोन शब्द शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष तोंडावाटेच शरीरात जाते, ही समजूत किती अपुरी आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. ते श्वासावाटे आणि त्वचेवाटेही जाते. डब्यावर ‘इनहेल’ या शब्दापूर्वी नकार दर्शवणारा ‘नॉट’ हा शब्द असेल, तर नाकतोंड झाकून आणि वाऱ्याची दिशा पाहूनच फवारणी करावी, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

‘एन’ हे अक्षर वेश पालटते तेव्हा

संस्कृतात ‘उत्’ आणि ‘लेख’ एकत्र आले की ‘उल्लेख’ होतो. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो. पुढील व्यंजनाशी जुळवून घेण्याची ही सवय लॅटिनलाही होती. त्यामुळे ‘एल’ या अक्षरापूर्वी ‘इन्’चा ‘इल्’ होतो, ‘आर’पूर्वी ‘इर्’ होतो, आणि ‘एम’, ‘पी’, ‘बी’ यांच्यापूर्वी ‘इम्’ होतो. लीगल म्हणजे कायदेशीर, इल्लीगल म्हणजे बेकायदा. रेग्युलर म्हणजे नियमित, इर्रेग्युलर म्हणजे अनियमित. पॉसिबल म्हणजे शक्य, इम्पॉसिबल म्हणजे अशक्य. लिटरेट म्हणजे साक्षर, इल्लिटरेट म्हणजे निरक्षर.

परंतु येथेही दोन्ही उपसर्ग वेश पालटतात, हे विसरू नये. ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात. त्यातील ‘इम्’ हा ‘आत’ या अर्थाचा आहे. ‘इम्प्रिझनमेंट’ म्हणजे कारावास. तुरुंगाच्या आत ठेवणे. ‘इल्युमिनेशन’ म्हणजे रोषणाई, प्रकाश पाडणे. ‘इरिगेशन’ म्हणजे सिंचन. शेतात पाणी आणणे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ पाणी देणे असा आहे आणि ‘इर्’ तेथे ‘आत’ या अर्थाने आला आहे. ज्याच्या शिवारातून कालवा जातो, त्या शेतकऱ्याला ‘इरिगेशन’ हा शब्द नित्याचा असतो. त्यात नकार नाही, हे त्याला व्याकरणाशिवाय कळते. वापर हा अर्थाचा पहिला साक्षीदार असतो, तो असा.

जेथे उपसर्गच नाही

काही शब्दांत ही अक्षरे निव्वळ योगायोगाने आरंभी आलेली असतात. त्यांना उपसर्ग समजून फोड करू नये.

इंच – लॅटिनमधील ‘बारावा भाग’ या अर्थाच्या शब्दापासून. फुटाचा बारावा हिस्सा तो इंच.
इन्सुलिन – मधुमेहावरील औषध. लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट. स्वादुपिंडातील बेटांसारख्या दिसणाऱ्या पेशीसमूहांत ते तयार होते. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे ते प्रथम रुग्णाला देण्यात आले.
इंडिगो – नीळ. ‘भारतातून येणारी’ असा मूळ ग्रीक अर्थ. म्हणजे यात ‘इंडिया’च दडलेला आहे.
इनाम – इंग्रजी दप्तरातही हा शब्द याच दोन अक्षरांनी सुरू होतो. पण तो अरबीतून मराठीत आणि मराठी राज्यांच्या दप्तरांतून इंग्रजीत गेला. १८५२ च्या अकराव्या अधिनियमान्वये नेमलेल्या इनाम कमिशनने दक्षिण महाराष्ट्रात आणि धारवाड-बेळगाव भागात जमिनींच्या सनदा तपासल्या. तेथील घराण्यांच्या जुन्या कागदांत हा शब्द आजही आढळतो.

याच भागातील आणखी एक शब्द येथे सांगण्याजोगा आहे. बेळगाव येथे मराठा लाइट इन्फंट्री या पलटणीचे केंद्र आहे. तिचा इतिहास १७६८ पासून सुरू होतो. ‘इन्फंट्री’ म्हणजे पायदळ. ‘इन्फंट’ म्हणजे अजून बोलू न शकणारे मूल. यात ‘इन्’ नकाराचा आहे. बालक, मग तरुण, मग पायी लढणारा तरुण शिपाई असा अर्थ इटालियन भाषेत सरकत गेला आणि बोबड्या बाळाचा शब्द पलटणीच्या नावावर येऊन बसला. शब्दाचे मूळ कळल्याने आनंद मिळतो. पण मुळावरून आजचा अर्थ प्रत्येक वेळी ठरत नाही, हेही या उदाहरणावरून दिसते.

फसवे शब्द

आता ज्या शब्दांनी सुशिक्षितांचीही फसगत होते, त्यांकडे वळावे.

इनव्हॅल्युएबल – ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान. म्हणून ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल, असा समज होतो. खरा अर्थ ‘ज्याचे मोल करता येत नाही इतके मौल्यवान’. मराठीतील ‘अमूल्य’ शब्दाची घडण हुबेहूब अशीच आहे.
इन्फेमस – ‘फेमस’ म्हणजे प्रसिद्ध. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. सत्कारपत्रात हा शब्द चुकूनही घालू नये.
इनडिफरंट – ‘डिफरंट’ म्हणजे वेगळा. ‘इनडिफरंट’ म्हणजे सारखा नव्हे, उदासीन, बेफिकीर.
इनहॅबिटेड – वस्ती असलेले. पुष्कळांना हा शब्द ‘निर्जन’ वाटतो. जनगणनेच्या तक्त्यांत वस्तीच्या गावासाठी ‘इनहॅबिटेड’ आणि बेचिराख गावासाठी ‘अनइनहॅबिटेड’ असे शब्द येतात. एका ‘अन्’ने गाव नकाशावर उभे राहते किंवा ओसाड होते.
इन-कॅमेरा – न्यायालयाने सुनावणी ‘इन-कॅमेरा’ घेतली, याचा अर्थ तिचे चित्रीकरण झाले असा नाही. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. खोलीच्या आत, बंद दाराआड, इतरांना मज्जाव करून घेतलेली सुनावणी, असा त्याचा अर्थ. बलात्कारासारख्या खटल्यांत पीडितेची ओळख आणि प्रतिष्ठा जपण्यासाठी कायद्यात अशा सुनावणीची तरतूद आहे. ज्या स्त्रीला हा शब्द ‘कॅमेऱ्यासमोर’ असा कळेल, ती साक्ष द्यायलाच धजणार नाही. तिच्या रक्षणासाठी योजलेली सोय तिला भीती घालील. म्हणून पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात तिला ‘बंद दाराआड’ हेच शब्द सांगितले पाहिजेत.

या यादीतील सर्वांत घातक शब्द मात्र निराळा आहे आणि त्याची हकिगत स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे.

‘इनफ्लेमेबल’ची हकिगत

‘फ्लेम’ म्हणजे ज्योत. ‘इन्’ म्हणजे नाही. म्हणून ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारे. ही फोड तर्काला धरून आहे आणि पूर्णतः चुकीची आहे. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ हे क्रियापद होते. त्याचा अर्थ ‘पेटवणे’. त्यातील ‘इन्’ नकाराचा नसून ‘ज्वाळेत नेणे’ या अर्थाचा आहे. म्हणून ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे झटकन पेट घेणारे, ज्वालाग्राही. शरीराला सूज येऊन आग होते तिला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात. तोही याच कुळातला शब्द. याच्या उलट ‘इनकम्बस्टिबल’ हा शब्द दिसायला त्याचा जुळा असूनही त्याचा अर्थ ‘न जळणारे’ असा आहे. दोन पिंपांवर हे दोन शब्द असतील, तर व्याकरणाचा नुसता नियम पाठ केलेला कामगार त्यांतील एका पिंपाशी तरी जीव धोक्यात घालील.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अग्निसुरक्षा संस्थेने १९२० च्या दशकातच ‘इनफ्लेमेबल’ऐवजी ‘फ्लेमेबल’ असा सुटसुटीत शब्द वापरण्याचा आग्रह धरला. १९५९ साली ब्रिटनच्या मानक संस्थेने तेच धोरण स्वीकारले. पेट घेणारे ते ‘फ्लेमेबल’ आणि न घेणारे ते ‘नॉन-फ्लेमेबल’ अशी विभागणी झाली. म्हणजे आज ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत. भारतात मात्र रस्त्यावरील टँकरांच्या पाठीवर ‘हायली इनफ्लेमेबल’ ही जुनी अक्षरे अजूनही सर्रास दिसतात.

शब्दामुळे माणूस कसा गाफील होतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन ली व्होर्फ यांनी नोंदवले आहे. हे गृहस्थ भाषेचे अभ्यासक होते आणि पोटासाठी अमेरिकेतील एका अग्निविमा कंपनीत तपासनीस होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार सावध वागत. पण ‘रिकामी’ असे लिहिलेल्या पिंपांजवळ बिनदिक्कत विडी-सिगारेट ओढीत. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असते आणि हवेत मिसळलेली ती वाफ ठिणगी मिळताच स्फोटासारखी पेटते. ‘रिकामे’ या शब्दाने ‘धोका नाही’ असा भास निर्माण केला होता. खेडोपाडी आणि वसाहतींच्या बाहेर जुनी पिंपे पाणी साठवण्यासाठी विकत घेतली जातात, वेल्डिंग करून त्यांचे तोंड कापले जाते, त्या वेळी हे उदाहरण आठवावे.

जुलै २०२२ मध्ये तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत वाढदिवसाच्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि तेथे काम करणाऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्या आगीचा संबंध कोणत्याही शब्दाशी जोडण्याचे कारण नाही. परंतु गावातून सकाळी डबा घेऊन कामावर जाणाऱ्या माणसाच्या हाताशी काय असते, हे त्या दिवसाने साऱ्या परिसराला दाखवले. ज्या मालाशी त्याचा दिवसभर संबंध येतो, त्यावरील शब्द त्याला कळलाच पाहिजे.

अर्थ पोहोचवण्याची जबाबदारी

हे काम एकट्या कामगारावर टाकून भागणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने १०८ व्या कलमात सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट घातली होती. त्यामागील तत्त्व आजही तितकेच खरे आहे : जी सूचना वाचणाऱ्याला कळत नाही, ती दिलीच गेली नाही. तारिहाळमध्ये ती भाषा प्रथम कन्नड असेल आणि तेथे ‘बेंकी’ म्हणजे आग हा एक शब्द परिच्छेदाहून अधिक काम करील. इचलकरंजीत ‘लगेच पेट घेते’ असे लिहावे. ‘ज्वालाग्राही’ हा शब्द शुद्ध आणि नेमका आहे. पण त्याखाली साधे मराठीही असावे.

जेथे अक्षरओळख कमी पडते तेथे चिन्ह उपयोगी पडते. लाल चौकट टोकावर उभी केलेली, तिच्यात ज्योत आणि खाली ३ हा आकडा असेल, तर तो पेट घेणारा द्रव आहे. टँकरच्या माहितीफलकावर संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांकही असतो : पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२, स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५. महामार्गावर टँकर उलटल्यास गावकऱ्यांनी सांडलेला द्रव भांड्यात भरण्यासाठी जाऊ नये. दूर राहून हा क्रमांक वाचता आला तर तो अग्निशमन दलाला कळवावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो : लाल अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम, हिरवा सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, एवढे ध्यानात असावे.

शिक्षकांसाठी पाठाची दिशा

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही शब्दांची यादी पाठ करवून घेणे हीच रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ‘इन्’चा पाठ घेताना पुढील क्रम सोयीचा ठरेल.

एक, आरंभ मराठीपासून करावा. ‘अपूर्ण’, ‘अवैध’, ‘अनर्थ’ हे शब्द फळ्यावर लिहून ‘अ’ आणि ‘अन्’चे कार्य मुलांकडून काढून घ्यावे.

दोन, लगेच अपवाद दाखवावेत. ‘अनुभव’ म्हणजे ‘उभव’ नसणे नव्हे. तेथे ‘अनु’ हा वेगळा उपसर्ग आहे. ‘अनल’ म्हणजे अग्नी आणि ‘अनिल’ म्हणजे वारा. त्यांत नकार शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ‘विफल’मधील ‘वि’ फळ नाकारतो, तर ‘विशुद्ध’मधील ‘वि’ शुद्धता वाढवतो. एका रूपाचे दोन अर्थ असू शकतात, हे मुलांना स्वभाषेत पटले की परभाषेत नवल वाटत नाही.

तीन, मुलांना घरून शब्द आणण्यास सांगावे. औषधाचे वेष्टन, खताची रिकामी पिशवी, पासबुक, बसचे तिकीट, विजेचे बिल यांवरील ‘आय-एन’ने सुरू होणारे शब्द त्यांनी वहीत उतरवून आणावेत. विषारी औषधाचा डबा मात्र मुलांनी हाताळू नये; त्यावरील शब्द मोठ्यांकडून लिहून घ्यावा.

चार, प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. ‘इन्’ काढल्यावर शब्द उरतो का? उरलेल्या शब्दाच्या उलट अर्थ या ठिकाणी जुळतो का? जुळत नसेल, तर ‘आत’ हा अर्थ बसतो का? तिन्हींची उत्तरे पटली नाहीत, तर अंदाज न बांधता शब्दकोश उघडावा.

पाच, धोक्याच्या शब्दांना हा अंदाजाचा खेळ लावू नये. ‘इनफ्लेमेबल’, ‘इनहेल’, ‘इन्जेस्ट’ यांचे अर्थ थेट पाठच करून घ्यावेत.

अधिकाऱ्यांसाठी

कार्यालयातील शेरे लिहिणाऱ्यांनी याच धड्यातून आपला बोध घ्यावा. ‘इनकम्प्लीट’ एवढाच शेरा मारून अर्ज परत केल्यास दूरच्या वाडीवरून आलेल्या वृद्धेला आपले काम कायमचे फसले असे वाटू शकते. ‘वयाचा दाखला जोडलेला नाही; तो आणून द्यावा’ या वाक्याला फार तर अर्धा मिनिट अधिक लागतो आणि तिचा एक हेलपाटा वाचतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा झाला; भाषा संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश तयार केले. ‘अपात्र’, ‘अपूर्ण’, ‘अग्राह्य’, ‘आवक’, ‘निविष्टा’ हे शब्द हाताशी आहेत. ते वापरावेत, आणि जेथे ते जड वाटतील तेथे सोपे वाक्य लिहावे.

सरावासाठी

पुढील दहा शब्दांतील आरंभीचा उपसर्ग ‘नाही’ या अर्थाचा आहे की ‘आत’ या अर्थाचा, ते ओळखावे : १) इनकन्व्हीनिअन्स २) इनसाइड ३) इम्प्युअर ४) इम्प्लांट ५) इर्रिलेव्हंट ६) इनडोअर ७) इनॲक्टिव्ह ८) इनफ्लेमेबल ९) इल्लीगल १०) इनटेक.

उत्तरे : १) नाही – गैरसोय. २) आत – आतील बाजू. ३) नाही – अशुद्ध. ४) आत – शरीरात बसवलेले. ५) नाही – गैरलागू. ६) आत – घरातील. ७) नाही – निष्क्रिय. ८) आत – ज्वालाग्राही. ९) नाही – बेकायदा. १०) आत – आत घेण्याचे प्रमाण किंवा मार्ग.

नऊ उत्तरे बरोबर आली आणि आठवे चुकले, तर हा पाठ पुन्हा वाचावा. बाकीच्या चुका शब्दकोशाने दुरुस्त होतील. या एका चुकीला दुरुस्तीची संधी मिळेलच असे नाही.